हरकत म्हणजे काय आणि ती घ्यायची कशी? नोटीस हातात पडल्यापासून आदेशापर्यंत सगळं

मराठीत विरोध दाखवायला शब्द काही कमी नाहीत. विरोध, निषेध, आक्षेप, नकार, आडकाठी, तक्रार, यादी लांबेल. पण सरकारी कागदावर ज्या शब्दाला खरं वजन आहे, जो लिहिला की समोरच्या अधिकाऱ्याला त्याची नोंद घ्यावीच लागते, तो म्हणजे हरकत. आणि नेमका हाच शब्द आपण रोज "नाही" जोडून वापरतो. उद्या आलं तर चालेल का, हरकत नाही. इथे सही करताय का, हरकत नाही. सवयच अशी पडलीय की खरंच हरकत असते तेव्हाही तोंडातून निघत नाही.

मी नात्यातल्या आणि गावाकडच्या लोकांना असले अर्ज लिहायला बरीच वर्षं मदत करतोय. बहुतेकांचं सारखंच असतं, म्हणजे राग भरपूर असतो, मुद्दा पण खरा असतो, पण नोटिशीची मुदत गेलेली असते नाहीतर तोंडी सांगून आलेले असतात आणि हातात पोच नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात, मग पायरीपायरीने अर्जाकडे येऊ.

शब्द कुठून आला आणि मराठीत काय झाला

मूळ शब्द अरबी आहे, अर्थ हालचाल. हिंदीत तो कृती, चाळे या अर्थाकडे गेला, "उसकी हरकतें ठीक नहीं" म्हणजे त्याचं वागणं ठीक नाही. मराठीत मात्र अडथळा, आडकाठी, आक्षेप हा अर्थ पक्का झाला. मराठीत मूळची हालचाल शिल्लक आहे ती गाण्यात. गवई एखाद्या जागेवर चटकन छोटी फिरत घेतो त्याला आपण हरकत म्हणतो, हरकती-मुरक्या म्हणतो. म्हणजे "हरकत घेतली" हे वाक्य मैफिलीत दाद देताना येतं आणि तहसील कचेरीतही येतं, संदर्भावरून कळतं. सध्या हिंदीचा परिणाम म्हणून बातम्यांमध्ये "त्याच्या हरकतींना कंटाळून" असं कधीकधी वाचायला मिळतं, तिथे मराठीत उद्योग किंवा चाळे म्हणा, हरकत नको, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

बोलण्यात याचे तीन-चार वापर आहेत. "तुमची हरकत नसेल तर खिडकी उघडतो" ही परवानगी. "एकदा विचारून बघायला काय हरकत आहे" हा प्रश्न दिसतो पण ती खरं तर सूचना आहे, विचार की बाबा असं. "त्याने निदान फोन करायला हरकत नव्हती" ही नाराजी, करायला हवा होता हा अर्थ. आणि "माझी याला हरकत आहे" हा सरळ विरोध, जो आपण सगळ्यात कमी वापरतो आणि ज्याच्याबद्दल हा लेख आहे.

कचेरीतल्या भाषेत मग यावरून सगळं कुटुंबच तयार झालंय. हरकत घेणे किंवा नोंदवणे, हरकतदार म्हणजे ती घेणारा, हरकत ग्राह्य धरणे म्हणजे मान्य करणे, हरकत फेटाळणे, हरकत मागे घेणे, ना हरकत दाखला, बिनहरकत, आणि पेपरात सारखं येणारं "हरकती व सूचना". यातला "सूचना" वेगळा आहे हे लक्षात ठेवा. रस्ता नकोच ही हरकत, रस्ता दहा फूट पलीकडून न्या ही सूचना. एका अर्जात दोन्ही लिहिता येतात, पण वेगवेगळ्या परिच्छेदात लिहा, नाहीतर सुनावणीत "तुमचा विरोध नाहीच, तुम्हाला फक्त बदल हवाय" असं म्हणून विषय मिटवतात.

हरकत, तक्रार, निषेध, अपील

हा फरक समजला की निम्मं काम झालं. हरकत असते ती अजून न झालेल्या निर्णयाला. काहीतरी होऊ घातलंय, कागद निघालाय, कुणाचं काही म्हणणं आहे का असं विचारलंय, तेव्हा द्यायची ती हरकत. तक्रार असते ती होऊन गेलेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीची, गटार तुंबलंय, कारकून पैसे मागतोय, वगैरे. अपील म्हणजे निर्णय झाला, आदेश निघाला, तो मान्य नाही म्हणून वरच्या अधिकाऱ्याकडे जाणं. आणि निषेध हा जाहीर असतो, घोषणा, काळ्या फिती, मोर्चा. निषेधाला लोकांमध्ये ताकद असते पण फाइलमध्ये त्याचा कागद लागत नाही. मोर्चा काढला म्हणून हरकत नोंदवली असं कुणी धरत नाही, दोन्ही करायचं असेल तर दोन्ही करा, पण कागद आधी द्या.

याच्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा की मुदतीत हरकत आली नाही तर तुम्ही गप्प होता म्हणजे तुम्हाला मान्य होतं असं धरलं जातं. पेपरात वकिलांच्या जाहीर नोटिसा येतात त्यांचं शेवटचं वाक्य कधी नीट वाचा, "मुदतीत कोणाचीही लेखी हरकत न आल्यास सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध नाही अगर असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल". अशा खाजगी जाहीर नोटिशीने तुमचा हक्क लगेच बुडतो असं नाही, पण पुढे भांडायची वेळ आली की पेपरात दिलं होतं, तुम्ही का नाही आलात हा पहिला प्रश्न येतो.

पायरी पहिली: नोटीस कुठे लागते ते माहीत हवं

नोटीस घरी येईलच या भरवशावर राहू नका. जमिनीच्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या हक्काच्या नोंदीत होणाऱ्या बदलाची, नोटीस चावडीवर म्हणजे तलाठी कार्यालयात लागते आणि ज्यांचा संबंध दिसतो त्यांना वेगळी पाठवायची असते. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात सगळे तलाठीच म्हणतात. याशिवाय महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवर "आपली चावडी" म्हणून डिजिटल फलक आहे, तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात सध्या कोणते फेरफार नोटिशीवर आहेत ते दिसतात. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्यांनी तर महिन्यातून एकदा हे बघायची सवयच लावून घ्या, गट नंबर माहीत असला की पाच मिनिटांचं काम आहे. ऑनलाइन सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफाराचा उल्लेख पण असतो, तो रकाना रिकामा नसेल तर लगेच हलायचं.

शहराचा विकास आराखडा राजपत्रात आणि स्थानिक पेपरात जाहीर होतो. शहरी भागात झाड तोडायचं असेल तर 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस चिकटवावी लागते, म्हणजे येताजाता झाडावर कागद दिसला तर थांबून वाचा. मोठ्या कारखान्याची किंवा खाणीची जनसुनावणी असेल तर एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात जाहिरात येते आणि पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवावा लागतो. माडबनला 2010 साली जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी झाली तेव्हा मराठीतला अहवाल वेळेत मिळालाच नाही ही गावकऱ्यांची मोठी तक्रार होती. कागद न मिळणं ही पण हरकत असू शकते, हे लोकांना सुचत नाही.

पायरी दुसरी: मुदत मोजा

प्रत्येक गोष्टीची मुदत वेगळी आहे आणि इथेच लोक फसतात, कारण कुणीतरी सांगतं महिना असतो आणि महिना धरून बसतात. फेरफाराला सर्वसाधारणपणे 15 दिवस. विकास आराखड्याचा मसुदा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 26 खाली 30 दिवस. भूसंपादन 2013 च्या कायद्याने असेल तर प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवस, पण राष्ट्रीय महामार्गाचं असेल तर तो कायदा वेगळा, 1956 चा, आणि तिथे फक्त 21 दिवस. हे 21 आणि 60 मधलं अंतर लक्षात ठेवा, हायवेत जमीन जाणाऱ्यांना "दोन महिने आहेत" असं सांगणारे भेटतात आणि तोवर वेळ गेलेली असते. झाडांना 7 दिवस. रजिस्टर लग्नाला, म्हणजे विशेष विवाह कायदा 1954, तिथे 30 दिवस. ट्रेडमार्कला जर्नलमध्ये छापून आल्यापासून 4 महिने.

नोटीस मिळाली तो दिवस सहसा मोजत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून मोजतात, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरला जातो. पण यावर विसंबून शेवटच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी साहेब मीटिंगला असतात, आवक-जावक बघणारा रजेवर असतो, साइट चालत नाही. नोटीस कधी मिळाली याचा पुरावा पण ठेवा, म्हणजे लखोटा फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागतो. चावडीवर किंवा झाडावर बघितली असेल तर तारीख दिसेल असा फोटो.

पायरी तिसरी: तुमचा संबंध काय

कुणीही कशालाही हरकत घेऊ शकत नाही. आराखडा, झाडं, जनसुनावणी इथे साधारण कुणीही नागरिक बोलू शकतो, पण जमिनीच्या फेरफारात तुमचा हितसंबंध दाखवावा लागतो, वारस आहे, सहहिस्सेदार आहे, कब्जा आहे, विहिरीत वाटा आहे, असं काहीतरी. मतदार यादीतल्या नावाला फॉर्म 7 भरून हरकत घेता येते पण त्यासाठी तुम्ही त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागता, आणि कारणंही ठरलेली आहेत, मयत, कायमचा स्थलांतरित, दुबार नाव, वय कमी वगैरे. खोटं लिहून दिलं तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून गठ्ठ्याने सह्या करून देऊ नका.

लग्नाच्या हरकतीचं तर मुद्दाम सांगतो. पोरीने परजातीत किंवा परधर्मात लग्न ठरवलं, रजिस्टरच्या फलकावर नोटीस लागली की काही घरातले लोक "आमची हरकत आहे" म्हणून धावतात. कायद्यात हरकतीची कारणं मोजकीच आहेत, आधीचं लग्न अस्तित्वात आहे, मुलगा 21 किंवा मुलगी 18 पूर्ण नाही, मानसिक स्थितीमुळे संमती देता येत नाही, निषिद्ध नातं आहे. जात, धर्म, आमची इज्जत, यातलं काहीही कारण नाही. विवाह अधिकाऱ्याला चौकशी 30 दिवसांत संपवायची असते, आणि हरकत गैरवाजवी आणि वाईट हेतूने घेतलीय असं दिसलं तर घेणाऱ्याकडून हजार रुपयांपर्यंत खर्च वसूल करायची तरतूद त्या कायद्यात 1954 पासून आहे. हजार रुपये आज काहीच नाहीत हे खरं, पण हरकत हे कुणाला छळायचं साधन नाही ही भूमिका कायद्याने तेव्हाच घेतलीय आणि ती मला पूर्ण पटते.

पायरी चौथी: कारण शोधा, राग बाजूला ठेवा

अर्जात कारण लागतं. "हे आम्हाला मान्य नाही", "हा अन्याय आहे", "आम्ही तीव्र विरोध करतो" यातलं काहीच कारण नाही. कारण म्हणजे जे तपासता येतं. उदाहरण घेऊनच सांगतो, आणि ते वारस नोंदीचं घेतो कारण त्यात सगळ्यात जास्त बायकांचं नुकसान होताना बघितलंय.

वडील वारले. दोन भाऊ, एक बहीण, आई. थोरल्याने तलाठ्याकडे वारसांचा अर्ज दिला आणि त्यात दोन भाऊ आणि आई एवढीच नावं घातली, किंवा बहिणीचं नाव नुसतं सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात टाकलं. बहीण सासरी, तिला कळतं ते दिवाळीला माहेरी आल्यावर, कुणीतरी बोलून जातं तेव्हा. मग ती म्हणते भावाशी भांडण नको. इथे मी नेहमी सांगतो की ताई, हरकत घेणं म्हणजे भांडण नाही, तू फक्त कागद पूर्ण कर म्हणतेयस. कारण अगदी साधं आहे आणि भक्कम आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहेच, वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीने ती मुलासारखीच जन्माने सहहिस्सेदार झाली, आणि 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायलाच हवे होते असं नाही. महाराष्ट्राने तर 1994 लाच स्वतःची दुरुस्ती केली होती, अर्थात ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. "लग्नात खर्च केला, हुंडा दिला" हे उत्तर होत नाही. "तिने तोंडी सोडलंय" हेही होत नाही, स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र लागतं.

मग तिचा मुद्दा एका वाक्यात बसतो, मी वारस आहे, माझं नाव वगळलंय, मी हक्कसोड दिलेली नाही. एवढं पुरे. भावाने आईला कसं वागवलं, वहिनी काय बोलली, हे सगळं खरं असेल पण अर्जात घालू नका, त्याने मुद्दा बुडतो.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. रजिस्टर खरेदीखतावरून फेरफार पडत असेल तर नुसत्या हरकतीवर तो सहसा थांबत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टातून मनाई आणावी लागते. आणि फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी कुणाची हे शेवटी दिवाणी कोर्टच ठरवतं. तरीही हरकत घ्या, कारण जमीन महसूल कायद्याच्या कलम 157 प्रमाणे नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, आणि एकदा नोंद झाली की तीवर कर्ज निघतं, विक्री होते आणि निस्तरणं दुप्पट अवघड होतं.

पायरी पाचवी: अर्ज लिहा

एका पानात. सगळ्यात वर कुणाला, मग विषयात गट नंबर आणि फेरफार नंबर, संदर्भात नोटिशीची तारीख. या तीन गोष्टी नसतील तर अर्ज भलत्याच फाइलला लागतो. मजकूर असा ठेवा:

प्रति, ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), सजा ____, ता. ____, जि. ____
विषय : मौजे ____ येथील गट नं. ____ वरील फेरफार क्र. ____ यास हरकत.
संदर्भ : आपली दि. ____ ची नोटीस.
महोदय, मी खाली सही करणार ____, रा. ____, मयत खातेदार ____ यांची मुलगी व वारस आहे. वरील फेरफारात वारस म्हणून माझे नाव घेतलेले नाही. मी कोणतेही हक्कसोडपत्र लिहून दिलेले नाही. सबब सदर फेरफार आहे तसा प्रमाणित करण्यास माझी हरकत आहे. हरकतीची नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन मला लेखी पोच द्यावी, सुनावणीची नोटीस वरील पत्त्यावर द्यावी, व वारस म्हणून माझे नाव दाखल करावे, ही विनंती.
सोबत : शाळा सोडल्याचा दाखला, आधारची प्रत, वडिलांचा मृत्यू दाखला, सातबारा.
सही, तारीख, मोबाइल नंबर.

शाळा सोडल्याचा दाखला यासाठी की त्यावर वडिलांचं नाव आणि लग्नाआधीचं नाव असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवावं लागतं, तिथे विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जोडा.

आराखड्याची हरकत असेल तर गट नंबरच्या जागी सिटी सर्व्हे नंबर आणि नकाशातला आरक्षणाचा क्रमांक, सोबत त्या नकाशाच्या तुकड्याची झेरॉक्स आणि जागेचे फोटो. "आमच्या घरावर बागेचं आरक्षण टाकलंय, इथे 1990 पासून रीतसर परवानगीची इमारत आहे, ही परवानगीची प्रत" अशी हरकत पास व्हायची शक्यता असते. छापील मजकुरावर नुसती सही करून दिलेल्या हजार हरकती एकीसारख्याच वाचल्या जातात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या होत्या, एवढ्यात कुणाची वाचली जाईल तर ज्याच्यावर नेमका सर्व्हे नंबर आणि कागद आहे त्याची. संख्येचा उपयोग नाहीच असं म्हणत नाही, मुंबईचा 2015 चा मसुदा लोकांच्या हरकतींच्या रेट्यामुळे सरकारला मागे घेऊन नव्याने करावा लागला. पण आरेच्या मेट्रो कारशेडसाठी 2019 ला झाडं तोडायची होती तेव्हा सुद्धा ऐंशी हजारांच्या वर हरकती गेल्या, तरी ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये कोर्टाने याचिका फेटाळल्यावर रात्रीतून झाडं तोडायला घेतली. म्हणजे संख्या दबाव आणते, पण तुमच्या एका अर्जाचं बळ त्यातल्या कागदातच असतं.

पायरी सहावी: पोच

पोच नाही तर हरकत नाही, एवढं पक्कं डोक्यात ठेवा. दोन प्रती न्या, एक द्यायची आणि दुसऱ्यावर शिक्का, तारीख, सही आणि आवक नंबर घ्यायचा. तलाठ्याबाबत तर कायदा तुमच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 150, त्यात लिहिलंय की फेरफाराला तोंडी किंवा लेखी हरकत आली तर तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये, नोंदवायची आणि हरकत घेणाऱ्याला ताबडतोब लेखी पोच द्यायची. तोंडीसुद्धा चालते असं कायदा म्हणतो, म्हणजे लिहिता न येणाऱ्या आजीची हरकत पण हरकतच आहे. तरी लेखीच द्या.

"ठेवून जा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे कलम 150 चा उल्लेख करा, तिथेच बसा. तरी नाही घेतलं तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय. एक प्रत तहसीलदारांना द्या. ईमेल पण करा पण फक्त ईमेलवर राहू नका. व्हॉट्सअॅपवर तलाठ्याला फोटो पाठवला आणि दोन निळ्या टिका आल्या, याला पोच म्हणत नाहीत.

पायरी सातवी: सुनावणी

हरकत नोंदली की मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याच्या वरचा अधिकारी, तो फेरफार सरळ प्रमाणित करू शकत नाही, आधी वाद निकाली काढावा लागतो. तो अव्वल कारकुनाच्या दर्जापेक्षा खालचा नसलेला महसूल अधिकारी ऐकतो आणि शक्यतो वर्षभरात संपवायचा असतो. सुनावणीची नोटीस आली की जा. गैरहजर राहिलात तर हरकतदार हजर नाही म्हणून हरकत फेटाळली असा एका ओळीचा आदेश होतो, आणि असे आदेश भरपूर होतात. येणं जमत नसेल तर आधी लेखी मुदत मागा, त्याचीही पोच घ्या, किंवा अधिकारपत्र देऊन कुणाला तरी पाठवा.

तिथे बोलायला पाच-दहा मिनिटंच मिळतात. त्यामुळे म्हणणं लेखी द्या आणि तोंडी फक्त मुद्दा सांगा. समोरच्याने काय कागद दिलेत त्याच्या प्रती मागा, त्या बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका. जबाब लिहून घेतात तेव्हा वाचून मगच सही करा, त्यात "माझी आता हरकत नाही" असं एखादं वाक्य आलेलं नाही ना हे नीट बघा, घाईत माणूस बघत नाही. आराखड्याच्या सुनावणीत नियोजन समिती असते, तिथे नकाशा सोबत न्या आणि आरक्षण बोटाने दाखवा. जनसुनावणीत जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो आणि सगळं चित्रित होतं, तिथे उठून आधी नाव-गाव सांगा, मग हरकत, आणि इतिवृत्तात ती आली की नाही हे शेवटी वाचून दाखवतात तेव्हा कान देऊन ऐका, चुकलं असेल तर तिथल्या तिथे उभं राहून दुरुस्ती मागा.

पायरी आठवी: आदेश आल्यावर

आदेशाची नक्कल घ्या. विरोधात गेला तर महसुली प्रकरणात कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत 60 दिवस. इथून पुढे हरकत शब्द संपतो, अपील सुरू होतं, आणि इथे वकील घेतलेला बरा. काहीच कळवलं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून विचारा की माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या हरकतीवर काय कार्यवाही झाली, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अर्ज नुसता टाकला तरी बऱ्याचदा पडून राहिलेली फाइल हलते.

मध्येच समझोता झाला तर चांगलंच आहे, पण हरकत मागे घ्यायच्या आधी समझोता कागदावर आणा. भाऊ म्हणतो ताई तू आधी मागे घे मग वाटप करू, तर उलटं करा, आधी नाव लागू दे, मग सगळ्यांच्या संमतीने कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप करा.

आणि "ना हरकत" देताना

हे शेवटी लिहितोय पण गरज सगळ्यात जास्त वेळा याचीच पडते. सोसायटीत शेजारी बाल्कनी वाढवतोय, चुलत भाऊ वीज मीटर घेतोय, बांधाशेजारचा बोअर मारतोय, आणि कुणीतरी स्टॅम्पवर टाइप केलेला कागद पुढे करतं, इथे सही कर, नुसतं ना हरकत आहे. आपण भिडेखातर करतो. ना हरकत म्हणजे पुढे तुम्हाला त्या गोष्टीवर बोलायचा रस्ता बंद, किमान अरुंद. त्यामुळे देऊ नका असं नाही, शेजारधर्म आहेच, पण कागद घरी आणून वाचा. "सदर जागेत मला काहीही हक्क नाही" असलं वाक्य असेल तर ते खोडून मगच सही, कारण मीटर घ्यायला तुमचा हक्क सोडायची काही गरज नसते. कोणत्या कामासाठी, कोणत्या जागेपुरतं, किती काळासाठी हे स्पष्ट लिहून घ्या, उदाहरणार्थ "फक्त गट नं. ____ मधील घराला घरगुती वीज जोडणी मिळण्यापुरते ना हरकत, याचा अन्य कारणासाठी वापर करता येणार नाही". कोऱ्या जागा असतील तिथे आडव्या रेघा मारा, सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घाला, आणि झेरॉक्स काढून ठेवल्याशिवाय मूळ कागद परत देऊ नका.